वळणावरची गणती

गणतीबाईंना सगळे गणतीबाई म्हणत, कारण त्यांचं काम माणसं मोजण्याचं होतं. बस खात्यात त्यांची एकोणीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्या स्वतः कामावर बसने कधी गेल्या नव्हत्या. गरजच पडली नव्हती. घरापासून दहा मिनिटं चाललं की त्यांची जागा यायची. कारखान्यांकडे जाणारा रस्ता जिथे एकदम काटकोनात वळतो, तिथे पदपथावर खांबाला पाठ लावून त्या उभ्या राहायच्या. हातात पाटी, पाटीला चिमट्यात अडकवलेला तक्ता, कानावर पेन्सिल. ही जागा त्यांनी स्वतः निवडली होती. वळणावर गाडी हळू व्हायची, तेवढ्यात खिडक्यांवरून नजर फिरवायची आणि आकडा लिहायचा. रीत सोपी होती. कुणी उभं दिसलं म्हणजे बसायच्या जागा भरल्या असं समजायचं, त्या चाळीस. मग उभ्यांची डोकी मोजून चाळिसात मिळवायची.

बाईंचा एक बाणा होता. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. बाकीचे गणतीवाले थंडी वाढली की घरी अंथरुणात बसून अख्ख्या आठवड्याचे तक्ते रंगवत, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नसे. बाईंनी मात्र एकदा धुकं पडलं म्हणून संपूर्ण रकान्यात 'धुकं' असं लिहून पाठवलं होतं. ऑफिसात आठवडाभर हशा चालला. बाईंना त्याचा राग आला नाही, उलट छाती जरा फुगलीच. घरच्यांना मात्र या खरेपणाचा थोडा जाच होता. सून नवी नवी आली तेव्हा तिने पहिल्या दिवशी हौसेने विचारलं होतं, "आई, भाजी कशी झालीय?" तर बाई म्हणाल्या, "मीठ जास्त आहे." पुढे सहा महिने सुनेने काही विचारायचं नाव काढलं नाही.

आता मात्र दोघींचं चांगलं जमलं होतं. जमवून घ्यावंच लागलं. मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी यायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत या दोघीच, आणि सुनेला सातवा लागला होता.

त्या सोमवारी संध्याकाळी सून कामावरून आली ती दाराशीच भिंतीला टेकून खाली बसली. बाईंनी कोमट पाण्याचा टब पुढे सरकवला. पाय सुजून टम्म झाले होते. मोज्याची किनार पोटरीत इतकी रुतली होती की ती सोडवताना सुनेने ओठ दाबून धरले.

"आई, एक दाखवू? ओरडू नका पण."

तिने कुशीवरचा कपडा वर केला. पोटाच्या उजव्या अंगाला बोटभर लांबीचा काळानिळा डाग उठला होता.

"अगं, हे काय? पडलीस की काय कुठे?"

"पडायला जागा तर हवी! कुणाच्या तरी पेटीचा कोपरा होता. गाडीत चढल्यापासून उतरेपर्यंत तो तिथेच. हलता त्यालाही येईना, मलाही येईना. बिचारा सारखा माफ करा, माफ करा म्हणत होता."

"सव्वासातच्या गाडीत?"

"मग कुठल्या? आणि तीही आता गेली म्हणायची. एक तारखेपासून सव्वासातची बंद. थांब्यावर कागद लावलाय. प्रवासी कमी आहेत म्हणे."

बाईंचा हात टबातच थांबला. सव्वासातची त्यांच्याच तक्त्यात होती. आजचा आकडा त्यांना पाठ होता, बावन्न. पासष्टच्या खाली गेलेली गाडी खातं काढून टाकतं, हेही पाठ होतं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बाराच जणं उभी होती," त्या हळूच म्हणाल्या.

"बारा? आई, बारा जणं तर माझ्या अंगावर होती."

"मग मला का दिसली नाहीत? आणि तू तरी कुठे दिसतेस? रोज बघते मी. दिसली नाहीस की मला बरं वाटतं, चला, पोरीला बसायला मिळालं."

सून हसली. हसताना कुशीत कळ आली तशी थांबली. "बसायला? सहावा लागल्यापासून मी त्या गाडीत एकदाही टेकले नाही. मी कशी दिसणार तुम्हाला? मी तर त्या साबणाच्या बाईच्या पोटात उभी असते."

बाईंना कळायला क्षणभर लागलं. मागच्या वर्षी खात्याने सगळ्या बसच्या बाहेरून जाहिराती चिकटवल्या होत्या, खिडक्यांच्या निम्म्या काचाही त्यात झाकून गेल्या होत्या. सव्वासातच्या गाडीवर फेसात माखलेली एक हसरी बाई आडवी पसरली होती. तिच्या वर काचेची जेमतेम वीतभर पट्टी उघडी होती, आणि त्या पट्टीत फक्त उंच माणसांची डोकी दिसत. सून शर्टांच्या कारखान्यात होती, तिथल्या बायकांत पाच फुटांची बाई म्हणजे ताडमाड. बाईंची सून तर त्याहून चार बोटं कमी.

आकडा मागच्या वर्षीच घसरला होता. सत्त्याऐंशीवरून एकदम पन्नाशीत. बाईंना वाटलं, लोक गेले. कुठे गेले, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. तक्त्यात तसा रकाना नव्हता.

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. दोन गाड्यांचा लोंढा एकट्या सातच्या गाडीत चढणार आणि त्यात ही पोटुशी पोर उभी राहणार. काम सोड म्हणायचीही सोय नव्हती. आठवा भरेपर्यंत कामावर असेल तरच रजा मिळणार होती, आणि परतल्यावर तिचं कॉलरचं मशीन तिलाच मिळणार होतं. नाहीतर तिच्या जागी बसायला पंधरा जणी तयारच होत्या.

मंगळवारी पाळी संपल्याबरोबर बाई तडक वाहतूक विभागात गेल्या. तिथले साहेब भला माणूस. कुणालाही नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येई, म्हणून ते नियमांना नाही म्हणायला लावत.

"साहेब, माझा आकडा चुकलाय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला. एकोणीस वर्षांत हे वाक्य त्यांनी या तोंडून ऐकलं नव्हतं. बाईंनी साबणाची बाई, वीतभर पट्टी, सगळं सांगितलं.

"जाहिरात काढता येणार नाही. दोन वर्षांचा करार आहे."

"मग मला आत चढून मोजू द्या."

"आतून मोजणारा धक्क्याबुक्क्यांत चुकतो, गणती बाहेरूनच व्हावी. असं लिहून कुणी दिलं होतं बाई? तुम्हीच." त्यांनी ते उकरून काढलं नाही, सहज सांगितलं, त्यामुळे बाईंना जास्तच लागलं. मग साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, गुरुवारी फेरगणती लावतो. चार वाजेपर्यंत तक्ता माझ्या टेबलावर आणा. पासष्टच्या वर आकडा असला की गाडी राहिली. कोरा आला तर जुनेच बावन्न कायम. आता तुम्ही काय मोजता ते बघायला मी काही त्या वळणावर येत नाही."

साहेबांनी अगदी ताटात वाढून दिलं होतं. पण बाईंना ते झोंबलं. "दिसेल तेच लिहीन," असं म्हणून त्या ताडकन उठल्या. जिना उतरेपर्यंत त्यांचे कान गरम होते.

घरी येऊन सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "मग झालं की! ऐंशी लिहून टाका. आहेतच ऐंशीच्या वर, मी सांगते ना."

"न बघता? मी?"

"आई, मी आत असते. मी बघते ना."

"तुझे डोळे ते तुझे डोळे. सही माझी असते."

सुनेला वाद घालायचं त्राण नव्हतं. ती टबात पाय सोडून बसली. बाई खोलीत येरझारा घालत राहिल्या आणि एकाएकी थांबल्या.

"हात वर करा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"डोकी दिसत नाहीत ना? हात दिसतील. गुरुवारी वळणावर गाडी आली की उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकेक हात वर करायचा. पट्टीतून दिसलेच पाहिजेत. एक हात, एक माणूस. मी मोजीन, लिहीन, सही करीन. कुणाच्या बापाची भीती नाही."

सुनेने टबातले पाय वर काढले. मग म्हणाली, "त्या वळणावर?"

"तिथेच तर गाडी हळू होते."

सून काहीतरी बोलणार होती. पण सासूचा चेहरा इतका उजळला होता, आणि ती स्वतः इतकी दमली होती, की तिने ते बोलणं गिळलं. बाहेर पदपथावर उभं राहिलं तर वळण म्हणजे सवडीची जागा. आतल्या माणसाला मात्र तिथे दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागतो, नाहीतर तो शेजारणीच्या मांडीत जाऊन पडतो. हे सव्वासातच्या गाडीतल्या कुणीही सांगितलं असतं. बाईंनी कुणाला विचारलं नाही, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना वाटलं, बाईंची त्या वळणावर एकोणीस वर्षं गेलीत, त्यांना आपण काय सांगायचं.

बुधवारी हा निरोप गाडीत तोंडातोंडी फिरला. तो फिरवायचं काम बटणवालीने केलं. ही बाई कारखान्यात बटणं लावायची आणि तिचा आवाज असा की मशीन चालू असताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. "ए, ऐकलं का सगळ्यांनी? उद्या वळणावर हात वर. गणतीबाई आपल्याला मोजणार आहेत. खाली ठेवलास हात तर उद्यापासून चालत ये!" गाडी हसली. पेटीवाला म्हणाला, पेटी पायांत धरतो आणि हात वर करतो. बसलेल्यांना सांगितलं, तुम्ही करू नका, उगाच घोळ होईल. सगळ्यांना सांगून झालं. राहिला फक्त ड्रायव्हर. त्याच्या मागच्या पत्र्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी होती, आणि ही सगळी नियमाने वागणारी माणसं होती.

गुरुवारी सकाळी बाई नेहमीपेक्षा अर्धा तास आधी जागेवर पोचल्या. दोन पेन्सिली टोकदार करून आणल्या होत्या. सातची गेली, तिचा आकडा लिहिला. मग सव्वासातची दिसली. लांबूनच ती एका अंगाला कललेली होती. वळणाशी आली, हळू झाली.

आणि हात वर झाले.

बाईंनी असं काही कधी पाहिलं नव्हतं. साबणाच्या बाईच्या हसऱ्या चेहऱ्यावर, त्या वीतभर पट्टीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत हातच हात. कुणाचा तळवा, कुणाची नुसती बोटं, कुणाच्या बोटाला सुई टोचली म्हणून गुंडाळलेली चिंधी. वर्षभर जी माणसं बाईंच्या तक्त्यात नव्हती ती सगळी एका दमात वर आली. मोजायला मागच्या खिडकीपासून सुरुवात करायची असते. बाईंनी केली नाही. त्यांची नजर एकच हात शोधत खिडक्यांवरून धावली. आखूड बोटांचा, उंची पुरत नाही म्हणून ताणून वर केलेला. मधल्या दाराशी तो सापडला. दोनच बोटं दिसत होती, आणि ती हलत होती. सून त्यांना हात करत होती. बाईंनीही पाटी खाली धरून हात केला.

त्याच क्षणी ड्रायव्हरने आरशात पाहिलं. मागे चाळीसएक हात वर झालेले, आणि त्याला काहीच ठाऊक नाही. त्याला वाटलं, मागे कुणाला काहीतरी झालं, कुणी दारात अडकलं. त्याने होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला.

पट्टीतले सगळे हात एकदम गेले. मग आवाज आला. काही फुटल्याचा नव्हता, नुसती माणसं माणसांवर पडल्याचा दबका, जड आवाज, आणि त्याच्यामागून बायकांचं ओरडणं. बाई गाडीकडे धावल्या. दार उघडेपर्यंत त्या मुठींनी साबणाच्या बाईच्या गालावर बुक्के मारत होत्या.

दवाखाना दोनच गल्ल्यांवर होता. पेटीवाल्याने आणि ड्रायव्हरने मिळून सुनेला उचलून नेलं. ड्रायव्हर सारखा म्हणत होता, "मला कुणी सांगितलं का नाही? मला एका शब्दाने सांगायचं ना!" बाई शेजारून पळत होत्या. सुनेच्या कपड्यावर रक्ताचा डाग होता, फार मोठा नाही. बाईंना दुसरं काही दिसत नव्हतं.

दुपारी दोनला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळाचे ठोके लागताहेत, म्हणाल्या. रक्त थांबल्यासारखं वाटतंय, पण दोन दिवस मी काही सांगू शकत नाही. आणि हे निभावलं तरी बाळंतपणापर्यंत तिला बिछान्यातून उठू द्यायचं नाही. कामाचं नाव काढायचं नाही.

म्हणजे रजा गेली आणि मशीनही गेलं. बाईंनी मान डोलावली. त्यांना ते आत्ता काहीच वाटत नव्हतं. ठोके लागताहेत, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

बाहेरच्या बाकांवर सव्वासातच्या गाडीतल्या सात-आठ जणी बसल्या होत्या. कुणाचा गुडघा फुटलेला, कुणाच्या कपाळाला टाके. बटणवालीचं मनगट मोडलं होतं आणि हात गळ्यात बांधला होता. बाई दिसल्या तशी ती उठली. पहिल्यांदा तिने सुनेची चौकशी केली. मग आवाज होईल तेवढा खाली आणून म्हणाली, "बाई, किती झालो आम्ही?"

सगळ्याजणी बाईंकडे बघायला लागल्या. बाईंच्या काखेत पाटी अजून तशीच होती. ती कुठल्या वेळी उचलली हे त्यांना आठवत नव्हतं.

"सांगते," असं म्हणून बाई आत शिरल्या.

सून डोळे मिटून पडली होती. खाटेच्या पायाखाली विटा लावून तिचे पाय उंच केले होते. बाई स्टुलावर बसल्या.

"किती वाजले?" सुनेने विचारलं.

"अडीच."

"चारला द्यायचाय ना तक्ता? जा मग. मी बरी आहे."

बाई हलल्या नाहीत.

"किती भरले?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. दुसऱ्या कुणीही ती साधली असती. पण बाईंची जीभ त्या वळणाने कधी गेलीच नव्हती. "मी मोजले नाहीत," त्या म्हणाल्या. "एकही मोजला नाही. मी तुझा हात शोधत होते."

सुनेने डोळे उघडले. बाईंना वाटलं ती रडेल, किंवा निदान कळेल तिला. शेवटी मायेपोटीच झालं होतं ना. सून छताकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "सगळ्यांनी हात सोडले हो. तुम्ही म्हणालात म्हणून. त्या बटणवालीच्या एका हातात जेवणाचा डबा. दुसऱ्याने दांडा धरला होता, तो तिने सोडला. तुमच्यासाठी."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही एकटीलाच बघितलंत."

बाईंनी पाटी मांडीवर घेतली. सव्वासातचा रकाना कोरा होता.

"लिहा," सून म्हणाली.

"काय लिहू?"

"नव्वद लिहा. पंच्याऐंशी लिहा. मला आता ती गाडी लागायची नाही. पण बाहेर बसल्यात त्यांना उद्या कामाला जायचंय. टाके घेऊन जायचंय."

"अगं, पण न बघता..."

सुनेने नुसती मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी कानावरची पेन्सिल काढली. टोक मोडलं होतं, दुसरीचंही मोडलं होतं. नखाने लाकूड सोलून त्यांनी थोडं शिसं बाहेर काढलं आणि लिहिलं, सत्त्याऐंशी. खाली सही केली. एवढ्याला फार वेळ लागला नाही.

"हाच आकडा तुम्ही मंगळवारी लिहिला असता तर," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी सोसला असता.

बाईंनी पाटी खाली ठेवली आणि सुनेच्या पोटावर हात ठेवायला हात पुढे केला. सुनेने तो मनगटाशी धरला, हलकेच बाजूला केला आणि चादर वर ओढून घेतली.

"आत्ता नको," ती म्हणाली. "तुम्ही जा. तीन वाजतील."